एकशे आठ सेंटिमीटरवरचा चोर

आमच्या फाटकाच्या डाव्या खांबावर, जमिनीपासून बरोबर एकशे आठ सेंटिमीटर उंचीवर, खडूनं काढलेला एक गोल होता. व्यास सात सेंटिमीटर. मधोमध एक ठिपका. रेषा कुठेही थरथरलेली नव्हती. काढणाऱ्याचा हात सराईत होता!

उंची मी टेपनं मोजली. मी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाही. बुधवारीच गल्लीतल्या बायकांना मी हे सुनावलं होतं. सगळ्यांच्या मोबाइलवर एक निरोप फिरत होता की देऊळगाव राजात टोळी आली आहे, ती दिवसा घरांवर खुणा करून जाते आणि मग चोरी करते. समोरच्या विमलबाईंनी तर भीतीनं पापड वाळत घालणंही बंद केलं होतं.

"विमलबाई," मी म्हणाले, "भीती म्हणजे न मोजलेली माहिती. पुरावा दाखवा, मग घाबरू!"

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं.

आणि आता, रविवारी दुपारी साडेतीनला, पुरावा माझ्याच खांबावर होता!

खरं सांगायचं तर मी भित्री आहे. फक्त माझी भीती तक्त्यात मांडलेली असते, त्यामुळे ती शास्त्रीय दिसते. माझी मुलगी पायल सहावीत आहे. तिला शाळेच्या गाईड पथकात जायचं होतं. त्यासाठी पालकांचं संमतीपत्र लागतं. एकच पान. ते आमच्या घरी येऊन सात आठवडे झाले होते. पथकात नाव घातलं की तीन दिवसांचं शिबिर आलं. शिबिर आलं की तंबू आला. तंबू आला की त्याच्या खालून साप येणार नाही याची हमी कोण देणार?

मी संमतीपत्राच्या मागे प्रश्न लिहिले. जवळचं रुग्णालय किती किलोमीटर? विहिरीचा कठडा किती उंच? तंबूचं कापड पेट घेतं का? पथकाच्या गाईड कॅप्टन अन्नपूर्णा मॅडम यांनी बारीक अक्षरात उत्तरं दिली. मी उत्तरांवर प्रश्न विचारले. त्या एका कागदानं आमचं घर ते शाळा इतक्या खेपा केल्या, की जालन्याच्या एसटीनं तेवढ्यात दम टाकला असता!

"तू सही कर, नाहीतर मी करतो," माझे यजमान अश्वजित म्हणायचे.

"तुम्ही नीट वाचलंय का?" मी विचारायची. ते वाचायला बसायचे आणि झोपायचे. मग मी पायलला म्हणायची, "बघू. पुढच्या रविवारी."

तोवर पायल दर रविवारी सरावाला पाहुणी म्हणून जायची. बाकी मुलींच्या गळ्यात स्कार्फ, हिचा गळा मोकळा. घरी येऊन ती गाठींचा सराव करायची. खाट फ्रिजला बांधली, फ्रिज खिडकीला बांधला. पहिले पाच आठवडे ती रोज विचारायची, "आई, सही?" सहाव्या आठवड्यात तिनं विचारणं थांबवलं. ही नोंद मी मनात केली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता.

त्या रविवारी तिच्या वहीत चिठ्ठी होती, 'आज प्रात्यक्षिक: मागोवा काढणे, शाळेच्या परिसरात.' मी खाली लाल शाईनं लिहिलं, 'परिसर म्हणजे किती मीटर?' आणि तिला पाणी, टोपी, साखर-मिठाची पुडी देऊन पाठवलं.

तर मी टेप लावून खांबापुढे उभी होते. तेवढ्यात सासूबाई विहारातून परत आल्या. त्या वरवट बकालच्या. देऊळगावात वीस वर्षं राहूनही त्यांची बोली इंचभर हललेली नाही.

"काऊन व सूनबाई, खांबाले काऊन मोजून राह्यली? कपडे शिवाचे काय त्याचे?"

"आई, ही खूण बघा. गोल, मध्ये ठिपका."

"हे तं भाकर हाये. मधात मिरची ठेवेल."

"आई, चोरांची खूण असू शकते!"

"चोराले भाकर लागत नाही काय?"

तितक्यात विमलबाई किंचाळत बाहेर आल्या. त्यांच्या भिंतीवर फुली होती! मी धावले, मोजलं. एकशे सहा. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर बाण, एकशे नऊ. आणि पंजाबरावांच्या भिंतीवर एक चौकोन, चौकोनात पाचाचा आकडा, शेजारी बाण!

पंजाबराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. शिट्टी अजून खिशात असते. त्यांनी ती फुंकली आणि गल्ली गोळा झाली.

"पाच म्हणजे काय मॅडम?" त्यांनी मलाच विचारलं. मी शास्त्र शिकलेली, मला माहीत असणार!

"घरात माणसं किती ते असेल," मी म्हणाले.

"आम्ही तर तिघंच आहोत."

"मग वेळ असेल. पाच वाजता येणार!" विमलबाई म्हणाल्या. सगळ्यांनी घड्याळं बघितली. पावणेचार! पंजाबराव मटकन ओट्यावर बसले. विमलबाईंना मात्र वेगळंच लागलं होतं.

"आमच्याच घरावर फुली का म्हणून? आमच्याकडे चोरावं असं काहीच नाही? अख्ख्या गल्लीत आम्हीच तेवढे भिकारी?" त्या आत गेल्या आणि पोलिसांना फोन लावला. त्यात भीती किती आणि अपमान किती, हे मी मोजलं नाही.

मी मात्र विचार करत होते. माणूस भिंतीवर खूण करतो ती साधारण खांद्याच्या उंचीला. खांदा एकशे आठला, म्हणजे चोराची उंची एकशे चाळीसच्या आसपास. एवढासा चोर? शक्यच नाही. म्हणजे चोर वाकलेला होता. वाकला होता, कारण तो लपत होता. सगळं जुळत होतं! माझ्या पाठीमागे दोन मीटरवर, आमच्या दाराच्या चौकटीवर, मी दर महिन्याला पायलची उंची पेन्सिलनं लिहिते. या महिन्याची नोंद एकशे एकोणचाळीस. पण मी पाठ फिरवून उभी होते.

"पुसा रे सगळं!" पंजाबराव बादली घेऊन निघाले.

"थांबा!" मी म्हणाले. आणि मग मला ती कल्पना सुचली. आयुष्यात मला तीनच चांगल्या कल्पना सुचल्या आहेत. ही त्यातली नव्हती.

"नुसतं पुसलं तर त्यांना कळेल आपण सावध झालो. त्यापेक्षा पुसू, आणि आपण नवे बाण काढू. तसेच. त्याच उंचीवर. सरळ पोलीस चौकीपर्यंत! टोळी आपल्या पायानं तिथं जाईल!"

पंजाबराव म्हणाले, "मॅडम, डोकं म्हणजे डोकं हाये तुमचं!"

एवढी स्तुती माझ्या प्रयोगशाळेत गेल्या अकरा वर्षांत झाली नव्हती. मी पायलच्या टेबलावरून खडू घेतले. खडूची एवढी मोठी पेटी तिच्याकडे कशाला, असा प्रश्न मला पडला, पण वेळ नव्हता. पंजाबरावांनी गल्लीतल्या खुणा धुतल्या, माझा गोलही धुतला, आणि मी कोपऱ्यापासून चौकीपर्यंत अकरा बाण काढले. प्रत्येक एकशे आठवर. लांबी सारखी, कोन सारखा. शेवटी चौकीच्या कुंपणावर, खात्री पटावी म्हणून, एक गोल आणि मध्ये ठिपका!

मग घरी येऊन आतून कडी लावली, चहा केला, आणि मी व सासूबाई पाच वाजायची वाट बघत बसलो. बाहेर थोड्या वेळानं पावलं वाजली. धावती, बरीच, हलकी.

"आले!" मी कुजबुजले. पावलं कोपऱ्यावर थांबली, वळली आणि लांब गेली. चौकीच्या दिशेनं! मी सासूबाईंकडे विजयानं पाहिलं.

"चोर खिदळत जातात काय व?" सासूबाईंनी विचारलं. "मले हसू आयकू आलं."

पावणेपाचला फाटक वाजलं. फटीतून बघितलं तर गाईडचा गणवेश घातलेल्या अन्नपूर्णा मॅडम आणि त्यांच्यामागे स्कार्फ बांधलेल्या सहा मुली. त्यांच्यात पायल नव्हती.

"दुसरी तुकडी पोचली का ताई?" त्यांनी विचारलं. "पायलची? चारला सोडलं त्यांना. आणि तुमच्या खांबावरचा गोल कुठं गेला?"

"कोणता गोल?" माझा आवाज खूप लांबून आला.

"मागोव्याचा! ही पहिली तुकडी खुणा काढत गेली, दुसरी त्या बघत येणार होती. बाण म्हणजे इकडून जा. फुली म्हणजे इकडून नको. चौकोनात पाच म्हणजे पाच पावलांवर चिठ्ठी लपवली आहे. गोल आणि ठिपका म्हणजे मागोवा संपला, घरी पोचलो." त्या जरा अडखळल्या. "शेवट मुद्दाम तुमच्या दारात ठेवला होता. सगळ्या मुली मिळून तुमच्याकडे सही मागणार होत्या. कोपऱ्यावरून मात्र भलतेच बाण दिसतायत, आमचे नाहीत ते. कुणी काढले कोण जाणे. कोणी पोरींना मुद्दाम..."

पायाखालची जमीन सरकणं हा वाक्प्रचार मी आजवर अशास्त्रीय समजत होते. नाही. ती सरकते. माझी बोटं अजून खडूनं पांढरी होती. साप, विहीर, तंबू, आग, सगळ्यांचा मी तक्ता केला होता. त्या तक्त्यात 'आई' असा रकाना नव्हता!

मी धावत सुटले. अनवाणी. मागे अन्नपूर्णा मॅडम, मुली, सासूबाई, आणि काहीही न कळता शिट्टी फुंकत पंजाबराव. शिट्टी ऐकून विमलबाई निघाल्या, विमलबाईंना बघून अख्खी गल्ली निघाली. पहिला बाण. दुसरा. तिसऱ्या बाणाशी मोठा रस्ता लागतो, तिथं उसाच्या ट्रॅक्टरची रांग असते. हा रस्ता मी तिला सहावीपर्यंत एकटीनं ओलांडू दिला नव्हता, आणि आज बाण काढून ओलांडायला लावला होता! सातव्या बाणाशी मला रडू आलं. अकराव्याशी श्वास संपला.

चौकीच्या आवारात, कडुनिंबाखाली, सहा मुली उंचीप्रमाणे ओळीत उभ्या होत्या. शेवटून दुसरी, मोकळ्या गळ्याची, पायल.

"या, या," हवालदार तुळशीराम म्हणाले. त्यांच्यापुढे वही उघडी होती. "तुमच्या गल्लीतून कोण्या बाईचा फोन आला, टोळी फिरून राह्यली म्हणून. मी बूट घालतो तोवर टोळी हजर! खिशात खडू. रांगेत उभी राह्यली, सलाम ठोकला, आन् मलेच विचारते, काका, मागोवा इथं संपला, पुढची चिठ्ठी कुठं?"

"रस्ता कसा ओलांडलात?" मी पायलला विचारलं.

"हात धरून. आधी उजवीकडे बघून," ती म्हणाली. "आई, आम्ही चुकलो नाही. पहिल्या तुकडीचे बाण नेहमी वाकडे असतात. हे एकदम सरळ होते."

पंजाबरावांना आता कुठे उलगडा झाला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे ह्या पोरींनी आमच्या भिंती रंगवल्या? साहेब, पाच वाजता मरणार म्हणून मी बायकोची माफी मागून बसलो! बंद करा हे गाईड-फाईड. मी उद्याच शाळेत अर्ज देतो. पथकच नको गावात!"

"हो, बंदच करा!" विमलबाई म्हणाल्या. मागून आणखी चार आवाज आले. अन्नपूर्णा मॅडमचं तोंड उतरलं. मुली एकमेकींना खेटल्या.

"थांबा, आधी नावं घेऊ द्या," हवालदार म्हणाले. मॅडमनी पथकाची यादी पुढे केली. त्यांनी पाच नावांवर खुणा केल्या आणि पायलशी थांबले. "हिचं नाव नाही यादीत. ही कोण?"

"ती अजून..." अन्नपूर्णा मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिच्या घरची संमती यायची आहे."

"मी नाहीये पथकात," पायल बुटांकडे बघत म्हणाली. "मी फक्त बघायला येते."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मग ही बिनसंमतीची पोरगी रस्त्यावर फिरवली कोणी?" पंजाबराव गरजले. "लिहा साहेब, हे लिहा!"

"पंजाबराव," मी म्हणाले, "कोपऱ्यापासूनचे अकरा बाण माझे आहेत. तुम्हीच म्हणालात, डोकं म्हणजे डोकं."

गल्ली माझ्याकडे बघायला लागली. पंजाबराव शिट्टीकडे बघायला लागले. सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "पोरी तं बराबर पोचल्या. घाबरले कोण? आपून! मंग पथक काऊन बंद करता? गल्ली बंद करा!"

कोणीतरी हसलं. हवालदारांनी पेन पुन्हा उघडलं. "ते जाऊ द्या. मला नोंद पुरी करायची आहे. मॅडम, मुलगी तुमची?"

"माझी."

"पथकात आहे का नाही?"

माझे अजून चार प्रश्न बाकी होते. तंबूचे खुंटे, पाण्याचा स्रोत, पावसाची शक्यता आणि पहारा. पायलनं मान वर केली नव्हती. मी तोंड उघडलं, पण त्यातून जे आलं ते मलाच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोला मॅडम. लिहून घ्यायचं आहे."

"आहे!" मी इतक्या जोरात ओरडले की कडुनिंबावरचे कावळे उडाले. "पथकात आहे, आणि शिबिरालाही जाणार आहे!"