ग्रंथालयाच्या हवेवरून दोन सरदारांत पडलेल्या तेढीची हकीकत

जो दिसत नाही परंतु हिशेबी धरावाच लागतो त्या वायूस प्रथम नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासीं एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले. त्या राज्याचा उद्योग हा की, इमारत विटांनी उठण्याआधी संगणकात उठवावी आणि ती वर्षाकाठी वीज किती खाईल ते सांगावे. तेथे हृषीकेशपंत करंबेळकर जुने सरदार आणि शलाकाबाई भोईटे नव्याने चाकरीस राहिलेल्या. एका ग्रंथालयाचे काम आले, तेव्हा धनीण दमयंतीबाईसाहेब यांणी आज्ञा केली की, "नकाशा एकच, यंत्रांची मांडणी आपापली करा. जिची वीज कमी, तिच्या कर्त्याकडे ग्रंथालयाची सरदारकी."

मग शलाकाबाईंची इमारत पंतांच्या निम्मीच वीज खाऊ लागली आणि जो तो म्हणो लागला, "पंत, आपल्या ग्रंथालयास भूक फार हो." पंत वरवर हसले, परंतु पोटात आग पडली, आणि बाईंनी पुढे केलेला चहाही कडू लागला, आणि त्यांची स्तुती कानी आली की पंत उठोन जाऊ लागले. मग सर्व जेवावयास गेले असता पंतांनी बाईंची मांडणी उघडिली आणि भिंती, काचा, दिवे तपासीत, बाहेरची हवा आत किती घ्यावी त्या रकान्यापाशी येऊन थांबले. माणशी हवा बरोबर लिहिली होती, परंतु वाचनदालनात माणसे किती हे भरावयाचे राहिले होते. यास्तव संगणकाने माणूस शून्य धरिला आणि हवाही शून्य दिली. बाहेरची गरम हवा आतच येत नाही, मग ती थंड करण्यास वीज कशास लागावी? पंत जेवण विसरले. बाईंस एकांती सांगावे हे मनात आले आणि गेले.

दरबार भरताच पंत बोलिले, "बाईसाहेब, हिच्या ग्रंथालयात श्वास घ्यावयास मनाई आहे." सर्व हसले. शलाकाबाई खाली मान घालोन म्हणाल्या, "चूक माझीच," आणि तेथेच माणसे भरून गणित पुन्हा चालविले. आकडा चढला, चढला आणि पंतांच्या आकड्याखालीच थांबला.

"पंत, आता आपली मांडणी उघडा," बाईसाहेब म्हणाल्या. उघडिली तो माणशी हवा आणि जमिनीच्या मापाची हवा, यांतील अधिक ती घ्यावी ऐसे ठरले असता पंतांकडे दोहोंची बेरीज होत होती आणि दालनांत जवळजवळ दुप्पट वारा वाहत होता.

"शलाका, तुला हे ठाऊक होते?" बाईसाहेबांनी पुसले.

"होय. कालच दिसले."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत कसे बोलावे? एकटे गाठून सांगणार होते, तर पंत मला बघितले की निघून जातात."

पंतांनी तेथेच बेरीज मोडून अधिक ती हवा धरिली; आकडा उतरला, परंतु बाईंच्या आकड्याखाली गेला नाही. सरदारकी बाईंकडे गेली, आणि बाई पंतांपाशी येऊन म्हणाल्या, "आपण पाहिले नसते तर वाचणारे गुदमरले असते. यापुढे माझी प्रत्येक मांडणी आपणच तपासावी." पंत म्हणाले, "बरे."

तात्पर्य, ग्रंथालयास हवा मिळाली, बाईंस मान मिळाला, आणि पंत जे चोरून करीत होते तेच उजळ माथ्याने करण्याची चाकरी त्यांस मिळाली; परंतु तीत पूर्वीची गोडी राहिली नाही.