छाती, कंबर, गुडघा

आमच्या पंपघरातलं स्टार्टर पॅनल जमिनीपासून दोन फुटांवर आहे. पंप चालू करायचा तर ऑपरेटरला उकिडवं बसावं लागतं, हिरवं बटण दाबावं लागतं, आणि मग भिंतीचा आधार घेत, आधी स्वतःच्या गुडघ्यांना आणि नंतर मला शिव्या देत उठावं लागतं. दिवसातून चार वेळा.

तसं काहीही झालेलं नाही. पॅनल छातीच्या उंचीवर आहे. कार्यालयातल्या नकाशात ते छातीच्याच उंचीवर दाखवलंय, आणि माझा नकाशावर विश्वास आहे. वरचा परिच्छेद तुम्ही वाचलेला नाही. मी सांगणार आहे ते फक्त एका अभ्यासपूर्ण अहवालाबद्दल. अहवाल मी लिहिला होता, तो उत्तम होता, आणि यावर कुणी वाद घातला की मला राग येतो. सध्या सगळेच घालतात.

मी ज्युनिअर इंजिनिअर. नोकरीला सात महिने झाले. सगळे मला साहेब म्हणतात, पण दारातल्या मांजराला ‘या राजे’ म्हणतात त्या सुरात. माझ्या हाताखाली मिस्त्री आहेत. कागदावर ते माझ्या हाताखाली. प्रत्यक्षात ते जिथे उभे राहतील तिथे मी त्यांच्या हाताखाली. अठ्ठावीस वर्षं त्यांनी आर्मर्ड केबलची टोकं बांधण्याचंच काम केलंय.

आर्मर्ड केबल ही साधी वायर नव्हे. वर जाड काळं साल, त्याखाली लोखंडी तारांचं चिलखत, त्याखाली आणखी एक साल, आणि सगळ्यांत आत वीज नेणाऱ्या चार तारा. ती सोलायची म्हणजे एखाद्याच्या अंगावरचं चिलखत उतरवायचं आणि आतल्या माणसाला ओरखडाही येऊ द्यायचा नाही. मिस्त्री हे काम एका कळकट कॅनव्हासच्या पिशवीतून करत. पिशवीत अर्ध्या पात्याचा हॅकसॉ, मोडक्या पात्याला घासून केलेली सुरी, तारांच्या टोकांवर तांब्याचे लग दाबून बसवायचा लांब दांड्यांचा क्रिम्पर आणि खडूचा तुकडा. चिलखताच्या तारा ते हॅकसॉने अर्ध्याच कापत आणि उरलेल्या हाताने हलवून मोडत. मी एकदा विचारलं, पूर्ण का नाही कापत? ते म्हणाले, पूर्ण कापायला गेलं की आतलंही कापलं जातं.

मला हे अवैज्ञानिक वाटलं. मी सात पानी अहवाल लिहिला. विषय : आर्मर्ड केबल सोलण्यासाठी व बांधण्यासाठी हत्यारांची निवड. त्यात तक्ता होता. सुरक्षिततेला गुण, वेगाला गुण, आधुनिकतेला गुण. मिस्त्रींच्या सुरीला आधुनिकतेत उणे दोन मिळाले. शेवटच्या कलमात मी लिहिलं की नवी हत्यारं येताच जुनी जमा करून निकामी घोषित करावीत. मोठ्या साहेबांनी न वाचता सही केली. माझ्या आयुष्यात इतका आदर मला कुणी दिला नव्हता.

नवी हत्यारं आली तेव्हा मिस्त्रींनी पिशवी स्टोअरमध्ये जमा केली. खडू तेवढा खिशात ठेवला, कारण खडूबद्दल अहवालात काही नव्हतं. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, “साहेब, आपल्या केबलची जाडी कुठल्या पानावर लिहिलीय?”

मी म्हणालो चौथ्या. चौथ्या पानावर साल सोलायच्या नव्या स्ट्रिपरचा फोटो होता. जाडी कुठेच नव्हती. जाडी मी मोजलीच नव्हती.

आता गुरुवार. जुना पंप सकाळी काढला. नवा बसला, जमिनीखालून मीटररूमपासून नवी केबल आली, पंपघराच्या फरशीतून सहा फूट वर निघून उभी राहिली. भिंतीवर छातीच्या उंचीला, म्हणजे चार फुटांवर, पॅनल. पॅनलच्या आत वळायला फूटभर केबल लागते, आणि एक फूट मिस्त्रींनी जास्तीची ठेवली होती. टोक बांधायचं, बटण दाबायचं, कॉलनीला पाणी. कॉलनीत ऐंशी बिऱ्हाडं, त्यातलं एक आमचं. पाच वाजता पाणी येणार असं मी आईला सांगितलं आणि आईने ते चारही जिन्यांत सांगितलं. माझ्या मुलाने पाच म्हटलं म्हणजे पाच, असंही जोडलं. लोकांनी टाक्या धुवायला काढल्या. घरात जे शेवटचं पाणी होतं ते त्यातच गेलं.

पहिलं हत्यार गोल स्ट्रिपर. केबलभोवती अडकवायचा, फिरवायचा, साल सुटतं. आमच्या केबलभोवती तो थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखा लोंबला. मी पुठ्ठ्याचे तुकडे घालून घट्ट केला आणि फिरवला. एका बाजूला पुठ्ठा दबला, पातं तिरकं झालं, आणि स्क्रूच्या आट्यासारखी एक सुंदर चीर गोल गोल फिरत फूटभर खाली उतरली. तेवढी केबल कापून टाकावी लागली. मिस्त्रींनी खडू काढला, भिंतीवर पॅनलच्या तळाशी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं : छाती. म्हणजे अजून पॅनल जागेवर राहील, पण जास्तीचं संपलं.

मला राग आला. पुठ्ठ्याचा. पुठ्ठा तयार करणाऱ्या कारखान्याचाही.

दुसरं हत्यार बॅटरीवर चालणारी करवत. साल मी या वेळी नखांनी आणि कात्रीने काढलं, ते अहवालात नव्हतं, पण निघालं. मग चिलखतावर करवत ठेवली. मिस्त्री म्हणाले, अर्ध्यावर थांबा. मी थांबणारच होतो. पण करवतीला वेगात दहापैकी दहा गुण मीच दिले होते, आणि तिने ते सार्थ केले. पापणी लवायच्या आत चिलखत, आतलं साल आणि चारही तारा आरपार. कापलेलं टोक फरशीवर पडलं आणि गडगडत मिस्त्रींच्या बुटाशी जाऊन थांबलं.

मिस्त्रींनी पॅनलचे चार बोल्ट सोडले, पॅनल फूटभर खाली घेतलं, नवी भोकं पाडली आणि भिंतीवर लिहिलं : कंबर. लहान मुलांची उंची दारावर मोजतात ना, तशी ती भिंत दिसायला लागली. फक्त आमचं मूल उलटं वाढत होतं.

पाच वाजले. आईचा फोन आला. मी म्हणालो थोडं तांत्रिक आहे. ती म्हणाली, मी जिन्यात तांत्रिक म्हणून सांगितलेलं नाही, पाच म्हणून सांगितलंय.

शुक्रवार हायड्रॉलिक क्रिम्परचा. चिलखत मी सकाळभर पकडीने एकेक तार करून सोललं होतं. आठ किलोचं यंत्र. लग तारेच्या टोकावर चढवायचा, यंत्राच्या जबड्यात धरायचा, दांडा मारायचा, जबडा मिटतो, लग पक्का. सगळं तसंच झालं. जबडा मिटला. मग उघडेना. मी पुरवठादाराला फोन केला. तो फार नम्रपणे म्हणाला, सर, जबडा सोडायची एक छोटी कळ असते, ती वेगळी मागवावी लागते. तुमच्या मागणीपत्रात ती नव्हती. मी म्हणालो, म्हणजे तुम्ही पकडणारं यंत्र विकता आणि सोडणारं वेगळं विकता? तो म्हणाला, सर, बरेच लोक सोबतच घेतात.

फोन हातात असल्यामुळे यंत्र हातात नव्हतं. ते तारेला लटकलं, दोनदा झुललं आणि खाली आलं. तारही आली. मुळापासून मुरगळली, साल फाटून तांबं बाहेर.

आणखी एक फूट. चार बोल्ट. नवी भोकं. गुडघा.

यानंतर मिस्त्रींनी पान्हा फरशीवर ठेवला. आपटला नाही, अगदी हळू, झोपलेल्या बाळाला ठेवावं तसा ठेवला, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. ते म्हणाले, “साहेब, माझी पिशवी आणा. नाहीतर मी घरी जातो, आणि पाण्याचं काय ते तुमचा तक्ता बघेल.”

मी स्टोअरमध्ये धावलो. स्टोअरकीपर आमच्याच कॉलनीतला, तिसऱ्या मजल्यावरचा, आणि कडक. त्याने माझाच अहवाल पुढे ठेवला. पिशवी निकामी आहे, म्हणजे भंगार आहे. भंगार परत वापरात देता येत नाही. ते फक्त लिलावात विकता येतं, आणि लिलाव वर्षअखेरीला. मी म्हणालो ते कलम मी लिहिलंय, मी रद्द करतो. तो म्हणाला, कलम मोठ्या साहेबांच्या सहीचं आहे आणि ते दौऱ्यावर आहेत. मी आवाज चढवला. त्याने खिडकी लावली. मी खिडकीवर ठोकलं. आतून तो म्हणाला की ठोकण्यासाठी वेगळा अर्ज आहे.

शनिवारी सकाळी आई आली. एकटी नाही, मागे दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या घेतलेल्या अकरा बायका. तिने मला विचारलं अडलंय कुठे. मी अहवालापासून सुरुवात केली. तिने हात वर करून थांबवलं आणि सरळ स्टोअरची खिडकी वाजवली. अर्ज न करता.

“भाऊजी, ती पिशवी लिलावाचीच आहे ना?”

“वहिनी, नियमाने बघितलं तर—”

“मग आत्ता करा लिलाव. बोली लावणारे बारा जण आणलेत मी.”

तो म्हणाला असं होत नसतं. आई म्हणाली, माझी बोली एक बादली पाणी. आल्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर पोचवीन, तुमच्या न्हाणीघराच्या दारात, गरम करून. स्टोअरकीपरने गुरुवारपासून अंघोळ केली नव्हती. ते आम्हाला खिडकीतूनही कळत होतं. त्याने एक वार बादल्यांकडे बघितलं, रजिस्टर उघडलं आणि तीन वेळा टेबलावर शिक्का आपटला. मागच्या अकरा जणींनी एकही बोली वाढवली नाही. पिशवी आईच्या नावावर झाली.

“घ्या मिस्त्री,” आई म्हणाली. “वापरून झाली की परत द्या, माझी आहे.”

मिस्त्री दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. मग माझ्याकडे बघितलं आणि ते संपलं.

त्यांनी सुरीने साल असं काढलं की मला स्वतःच्या सात पानांची घृणा आली. हॅकसॉ चिलखतावरून अर्धवट फिरला, तारा एकेक करून कट् कट् मोडल्या, आतल्या सालावर एक ओरखडा नाही. माझं काम सामान धरायचं. केबल जिथे पॅनलमध्ये शिरते तिथे तिला आवळून धरणारी पितळी ग्लँड असते, आणि ग्लँडवर पाणी जाऊ नये म्हणून खालून एक रबरी टोपी चढते. ही टोपी केबलवर सगळ्यांत आधी ओवायची. एकदा लग बसले की ती वरून जात नाही, बांगडी मनगटात अडकावी तशी लगांत अडकते. मिस्त्रींनी टोपी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, पहिली ही. तेवढ्यात आई म्हणाली बॅटरी धर, अंधार पडतोय तुझ्या सावलीचा. मी बॅटरी धरली. बॅटरीला हात लागतो. हात मोकळा करायला मी टोपी खिशात ठेवली, क्षणभर.

लग दाबण्याआधी मिस्त्रींनी मान न वळवता विचारलं, “टोपी?”

“घातली,” मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. टोपी माझ्याकडे नव्हती, म्हणजे ती केबलवर असणार. हातात तरी नव्हती.

साडेअकराला ऑपरेटर उकिडवा बसला आणि बटण दाबलं. पंप गुरगुरला. पाइप थरथरला. कॉलनीत एका मजल्यावर कुणीतरी ओरडलं, आलं, आणि ते ‘आलं’ चारही जिन्यांत चढत गेलं. आईने माझ्याकडे न बघता माझ्या पाठीवर एक धपाटा मारला. तो रागाचा होता की कौतुकाचा हे मी अजून तपासतोय. मग ती बादली तापवायला गेली. मिस्त्री सुरी पुसत होते. मी ठरवलं की अहवालाची सुधारित आवृत्ती लिहायची.

दुपारी आईने तीन दिवसांचे कपडे धुवायला काढले. खिसे तपासायची तिची सवय आहे. तिने मोरीतून विचारलं, “अरे, हे काळं काय आहे?”

मी टोपी मुठीत धरून पंपघरात गेलो. मिस्त्री पिशवी बांधत होते. मी मूठ उघडली. त्यांनी पिशवीची गाठ पुन्हा सोडली. मी घाईघाईने म्हणालो, चिरून घालू आणि चिकटवू. ते म्हणाले, चिरली की ती टोपी राहत नाही. मी म्हणालो, मंगळवारी विजेचा तपासनीस येणार, टोपीशिवाय तो पास करणार नाही, पंप बंद ठेवायला लावेल. मग टोक कापू आणि केबलला मध्ये जोड देऊन वाढवू, असंही मी म्हणालो. ते म्हणाले, जोडाचं सामान खरेदीतून येईल आणि त्याची निवड समिती म्हणजे तुम्ही. म्हणजे उरलं एकच. टोक पुन्हा कापायचं, टोपी ओवायची, पुन्हा बांधायचं. आणखी एक फूट.

मिस्त्रींनी खिशातून खडू काढला. आजवर रेघ त्यांनीच मारली होती. या वेळी त्यांनी खडू माझ्या हातावर ठेवला.

“आता खूण तुम्ही करा, साहेब,” ते म्हणाले. “मला इतकं वाकवत नाही.”

मी गुडघ्यांवर बसलो आणि भिंतीकडे बघितलं. गुडघ्याच्या खाली घोटा असतो. मी लिहिलं नाही. घरी आलो आणि त्याऐवजी हे लिहिलं, तीन प्रतींत :

प्रति, मोठे साहेब. विषय : मीटररूम सरकवण्याबाबत. महोदय, पंपघराची केबल काही तांत्रिक कारणांमुळे छातीच्या उंचीसाठी तीन फूट आखूड पडत आहे. केबल ताणून पाहिली, ती ताणत नाही. पॅनल आणखी खाली घेतल्यास ऑपरेटरने झोपून काम करण्यास लेखी नकार दिला आहे. तरी मीटररूमची इमारत, आतील सामानासह, पंपघराच्या दिशेने तीन फूट सरकवण्यात यावी, ही नम्र विनंती. काम मंगळवारच्या आत व पाणी बंद न करता व्हावे. इमारत सरकवण्याच्या हत्यारांची निवड मी करणार नाही, याची खात्री देतो.

सोबत : रबरी टोपी, एक नग.