रावजीच्या जीपचा नवा ब्रेक

"उद्यापासून ही जीप फणसाच्या पानावर थांबवून दाखवीन!" असं रावजीने वाडीभर सांगून ठेवलं, पण वाडीतल्या एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसला नाही. कसा बसावा? आजवर ती जीप जिथे जिथे थांबली, तिथे स्वतःच्या मर्जीने थांबली होती!

रावजीचं आयुष्य बोटीवर, इंजिनखोलीत गेलेलं. गावी परतल्यावर अलोऱ्याच्या एका लिलावात त्याने ही जुनी फोर-व्हील जीप घेतली. चिखल असो, चढ असो, चारी चाकं लावली की गाडी माजलेल्या रेड्यासारखी वर जायची. पंचाईत होती ती खाली येण्याची! ब्रेक दाबला की पाय लोण्यात पडल्यासारखा थेट तळाला. दोनतीनदा पंप मारावा तेव्हा कुठे गाडीच्या ध्यानात यायचं, की आपल्याला थांबायला सांगताहेत. वाडीच्या उतारावर जीपचा हॉर्न ऐकला की माणसं रस्ता सोडून सरळ शेतात उतरत.

पण आता मामला नाजूक होता. मैनेचं, म्हणजे रावजीच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरत होतं. दापोलीकडच्या मुरुडहून मुलाचे आईवडील घर बघायला यायचे होते. होऊ घातलेल्या व्याह्यांना उताराखालच्या वहाळाच्या पाण्यात घालून कसं चालेल?

म्हणून संगमेश्वरच्या बाबू मेकॅनिकने चारी चाकांत नवी रबरं घातली, झिजलेले लायनर बदलले आणि भंगारात निघालेल्या एका मोठ्या गाडीचा बूस्टर आणून जीपला बसवला.

"पाय नुसता टेकवायचा," बाबू म्हणाला. "जोर तो लावतो. आता नळ्यांतली हवा तेवढी काढायची राहिली. जेवून येतो नि काढतो."

"हवा? अरे, मी बोटीची इंजिनं उकललेली आहेत! हवा मी घरी काढीन!" असं म्हणून रावजी नेहमीसारखा पंप मारत, हॉर्न वाजवत घरी आला.

हवा काढायला दोघं लागतात. बायकोला, सावित्रीला, त्याने गाडीत बसवलं आणि स्वतः पाना घेऊन मागच्या चाकाशी आडवा झाला. अंगणात दिसत होते ते फक्त त्याचे पाय.

"दाब!" खालून आवाज आला.

"दाबलंय!"

"आणखी दाब! सगळा जीव काढ! सोडू नको!"

"सोडत नाही!"

शेजारची गंगुबाई नेमकी तेव्हाच कुंपणाशी आली. गाडीखाली रावजीचे पाय, वर सावित्री दात-ओठ खाऊन काहीतरी दाबतेय, आणि खालून घुसमटलेला आवाज, "संपत आलं! अजून थोडं दाब!"

"धावा रे धावा!" गंगुबाईने गळा काढला. "जीप रावजीच्या उरावर बसली! नि ही बया वरून दाबतेय!"

हाहा म्हणता वाडी गोळा झाली. कोणी जीप उचलू लागला, तर दोघांनी रावजीचे पाय धरून त्याला असा ओढला की चड्डी तेवढी गाडीखाली राहायची शिल्लक होती! या गोंधळात पाना कुठे, नळी कुठे, आणि ब्रेकचं सगळं तेल अंगणात!

"अरे मेल्यांनो, मी जिवंत आहे!" रावजी ओरडला.

"देवाची कृपा!" गंगुबाई म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावून घरी गेली.

शेवटी बाबूला बोलवावं लागलं. नवं तेल पडलं, हवा निघाली आणि पेडल चिऱ्यासारखं टणक झालं. रावजीचा पाय मात्र जुनाच राहिला होता!

दुसऱ्या दिवशी नवराबायको पाहुण्यांना आणायला संगमेश्वराला गेले. एस.टी.ला चांगलाच उशीर झाला. तेवढ्या वेळात वर डोंगरावर श्रावणातली सर अशी कोसळली, की नदी बघताबघता गढूळली. एकदाचे आप्पा उतरले, पांढरा शुभ्र सदरा, टोपी आणि चेहऱ्यावर जन्मजात शंका. मागोमाग त्यांची बायको हौसाबाई, छातीशी कोकमाच्या लाल आगळाची बरणी सांभाळत.

"या जीपबद्दल ऐकलंय बरंच," पुढे रावजीशेजारी बसत आप्पा म्हणाले.

"ते जुनं विसरा, आप्पा! आता ब्रेकला नुसतं गोंजारायचं!"

बाजारपेठेच्या तोंडाशी म्हैस आडवी आली. गोंजारायचं राहिलं बाजूला, रावजीच्या पायाने सवयीने दण्ण करून लाथ घातली! जीप जागच्या जागी खिळली. आप्पा मात्र पुढे गेले. टोपी बॉनेटवर आणि नाक काचेवर!

"अहो, पाहुण्यांना गोवऱ्यांसारखं काचेवर थापता काय?" आप्पा कळवळले.

"हळू दाबा हो," मागून सावित्री पुटपुटली. "पायाखाली विंचू नाही."

रावजी इतका ओशाळला की पुढे त्याने ब्रेकला पाय लावायचंच सोडलं. गियरवर गाडी रेटत, वळणं घेत, तो वाडीच्या उताराला लागला. रस्ता निसरडा, खाली वहाळाचा खळखळाट. आप्पांनी दोन्ही हातांनी दांडा धरला.

"काय हो, ब्रेक आहे अजून, की बाजारात काढून ठेवलात?"

रावजीने नुसता हॉर्न वाजवला.

"नाही, नसेल तर तसं सांगा. सुनेच्या बापाचं तोंड तेवढं शेवटचं बघून घेतो!"

आता मात्र इंजिनखोलीतला जुना स्वाभिमान पेटला! रावजीने मान वळवून आप्पांच्या डोळ्यांत डोळे घातले. "ब्रेक बघायचाय? बघा!" आणि त्याने दाबला.

जीप थांबली. बाकी कोणी थांबलं नाही! सावित्री रावजीच्या मानेवर, हौसाबाई आप्पांच्या पाठीवर आणि बरणी आप्पांच्या खांद्यावर फुटली. पांढरा सदरा क्षणात लालभडक!

"रक्त! मेलो!" आप्पा किंचाळले.

"अहो, आगळ आहे तो!" हौसाबाई ओरडल्या. "आंबट लागतोय का बघा!"

आप्पांनी ओठ चाटले. आंबट लागलं, तेव्हा ते जास्तच भडकले. "ही सोयरीक मोडली! मी चालत जातो! या माणसाच्या घरातलं पाणीसुद्धा नको!" आणि ते ताडताड पुढच्या वळणाआड निघून गेले.

सावित्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. रावजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैनेला काय सांगायचं?

तेवढ्यात आप्पा परत आले. पाय ओढत. त्यांनी वळणाकडे नुसता हात केला. सगळे वळणापर्यंत गेले.

वळणामागे रस्ताच नव्हता. सकाळी जिच्यावरून जीप गेली होती, ती वहाळावरची मोरी वाहून गेली होती, आणि खाली लाल पाणी घोंघावत होतं. उताराच्या वेगात वळण घेतलं असतं, तर गाडी सरळ त्यात.

आप्पांनी रावजीचे दोन्ही हात धरले. "वळणापलीकडचं ओळखलंत! आम्हा सगळ्यांचा जीव वाचवलात हो!"

रावजीने मनातल्या मनात बाबूचे आभार मानले, बूस्टरचे मानले, ग्रामदेवतेचे मानले आणि सर्वांत जास्त आप्पांच्या खवचट जिभेचे.

जीप तिथेच ठेवून मंडळी वरच्या पायवाटेने, वहाळावरच्या लाकडी साकवावरून वाडीत पोचली. लाल सदऱ्यानिशीच आप्पांनी लग्न पक्कं करून टाकलं. जेवताना ते ही हकीकत तिसऱ्यांदा सांगू लागले, तेव्हा रावजीला राहवेना.

"आप्पा, खरं सांगू? मला मोरीबिरी काही ठाऊक नव्हती. मी तुमच्याकडे बघत होतो."

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "ऐकलंत? एवढं करून वर हा विनय! असली माणसं आता राहिली नाहीत!"

सावित्रीने नवऱ्याच्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी निरोप घेताना रावजी म्हणाला, "वहाळापलीकडे जीप उभीच आहे. संगमेश्वरापर्यंत सोडतो."

आप्पांनी हात जोडले, अगदी मनापासून जोडले.

"नको, व्याही. एकाच माणसाचे दोनदा उपकार कशाला?" ते म्हणाले आणि धोतराचा सोगा सावरत झपाझप चालायला लागले.