कृष्णरावांच्या पायांचा शटडाऊन

कृष्णराव ठवकरांचे पाय संध्याकाळी सुजले आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत कॉलनीतल्या सगळ्या सेक्टरला ते कळलं. स्टील प्लांटमधून निवृत्त झालेल्या माणसांना दुसरं काम तरी काय असतं! एकानं किडनी सांगितली, दुसऱ्यानं हृदय, तिसऱ्यानं तर थेट हत्तीपायच करून टाकला. साधनाबाईंनी मात्र नवऱ्याच्या पायावर अंगठा दाबला, पडलेला खड्डा पाहिला आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून तडक डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी रक्त, लघवी, छाती सगळं तपासलं. घाबरण्यासारखं काही निघालं नाही. ब्लडप्रेशरच्या एका गोळीनं कधी कधी पाय सुजतात, म्हणून ती त्यांनी बदलली आणि विचारलं, "दिवसभर करता काय?"

"काही नाही जी. आराम."

"आराम कायचा? पाय लोंबते सोडून टीव्ही पाहून राहतात," साधनाबाई म्हणाल्या. "अन् पापड खातात. भातासंग पापड, चहासंग पापड."

"मीठ कमी करा, चालणं वाढवा. आणि मधूनमधून पाय हृदयाच्या लेव्हलच्या वर ठेवून पडत जा," असं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

घोटाळा झाला तो इथे. प्लांटमधल्या मिलच्या मेंटेनन्समध्ये जन्म घालवलेल्या माणसासमोर 'लेव्हल' म्हणू नये. म्हटलं की तो मोजणारच.

शिवाय सूज लवकर उतरणं भाग होतं. लेक नूतनचं दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या सुमंतशी जमत आलं होतं. मुलगा तिला मनापासून आवडला होता आणि रविवारी संध्याकाळी त्याच्या घरचे पक्कं करायला येणार होते. अशात त्याच्या आईनं, ठकूबाईंनी, फोनवर विचारलं, "ताई, नूतनच्या बाबांचे पाय सुजले म्हणतेत. खरं हाय का जी?"

साधनाबाईंनी घाबरून फोनच ठेवून दिला. बातमी दुर्गपर्यंत पोचली! कृष्णरावांनी समोरचं ताट बाजूला सारलं. "आता घरात हत्तीपाय हाय म्हणून पोरगी नाकारतील. माह्या पायांमुळं पोरीचं मोडलं तर मी तिले तोंड कसं दाखवू?"

रविवारी दुपारी त्यांनी केवलरामला बोलावलं. केवलराम म्हणजे मिलमधला त्यांचा जुना रिगर, टनावारी यंत्रं साखळीनं अलगद उचलणारा. येताना तो चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळी-कप्पी, पट्टे आणि गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन आला.

"अहो, पायाखाली दोन उशा ठेवा ना!" साधनाबाई कळवळल्या.

"उशी दबते. दबली की लेव्हल गेली."

कृष्णराव दिवाणावर आडवे झाले. नळीचं एक टोक त्यांच्या छातीवर, दुसरं टाचेपाशी. मग हृदय नेमकं कुठं असतं यावर दोघांचं वाजलं. केवलराम म्हणे डावीकडे, कृष्णराव म्हणे मधोमध. शेवटी नूतननं वैतागून बापाच्या छातीवर बोट ठेवलं. "यहाँ है, बाबा! झालं?"

छतातल्या झोपाळ्याच्या कडीला चेन ब्लॉक लागला, पट्ट्यात पाय अडकले, साखळी खडखडली आणि पाय वर गेले. केवलरामनं साखळीला कुलूप घातलं, त्यावर लाल टॅग बांधला: 'काम चालू है, हाथ न लगाएँ'. तेवढ्यात उतई गावाहून त्याच्या घरचा फोन आला. गाय व्यायला झाली होती.

"फिकर झन कर भैया, अभीच आथों," असं, लगेच येतो म्हणून कृष्णरावांना सांगत केवलराम मोटरसायकलवर सुटला. कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात गेली.

तो गेला आणि दाराची बेल वाजली. सुमंतचे वडील पंजाबराव रेल्वेतले. गाडी लेट झाली तरी माणूस वेळेआधी हजर, हा त्यांचा बाणा.

"बाप्पा! पाहुणे आले!" साधनाबाई कात्री घेऊन धावल्या. "पट्टा कापते मी."

"हात नाही लावायचा!" कृष्णराव आडव्यानंच गरजले. "ज्यानं टॅग लावला, त्यानंच काढायचा. टॅग न पाहता एकानं स्विच दाबला अन् माह्या जोडीदाराची दोन बोटं गेली. माह्या डोळ्यांदेखत. नाही म्हणजे नाही!"

"बाबा, प्लीज यार! क्या सोचेंगे वो लोग?" नूतन रडकुंडीला आली.

पाहुणे आत आले. सुमंत सवयीनं नमस्काराला वाकला, तर खाली पायच नव्हते. देवळातल्या घंटेला हात घालावा तसे त्यानं हात वर करून होणाऱ्या सासऱ्यांचे पाय शिवले. कृष्णरावांनी खालून आशीर्वाद दिला. ठकूबाई पदर तोंडाला लावून उभ्याच राहिल्या.

पंजाबराव मात्र चेन ब्लॉकखाली फिरून सगळं निरखत होते. "व्याही, हे खोलत कावून नाही?"

"टॅग हाय जी. केवलरामचा."

"तो कुठं हाय?"

"उतईले. गाय व्यायला झाली त्याची."

"मंग बरोबर हाय." पंजाबरावांनी गंभीरपणे मान हलवली. "आमच्यातही डब्याखाली माणूस असला की लाल झेंडी लावतेत. ज्याची झेंडी त्यानंच काढायची." आणि ते खुर्ची ओढून कृष्णरावांच्या डोक्याशी बसले.

पोहे आले. कृष्णरावांना चमच्यानं भरवताना साधनाबाईंचा बांध फुटला. "ठकूबाई, नाही म्हणू नका हो! डॉक्टरनं सगळं तपासलं. साधी सूज हाय. यात माह्या पोरीचा काय दोष?"

"अव माय! नाही कोण म्हणून राहिलं?" ठकूबाई चकित झाल्या. "म्या तर डॉक्टरचं नाव विचाराले फोन केला होता. तुम्ही धाडकन ठेवूनच देला!" मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "दाखवा आता. पोरीवाले नाही म्हणतीन म्हणून दडवून राहिले घरातल्या घरात."

पंजाबरावांनी ओशाळून पॅंट वर केली. मोज्याच्या इलास्टिकनं सुजलेल्या पायात खोल चर पाडला होता. कृष्णरावांनी खालूनच तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

अंधारताना केवलराम परतला, ताज्या चिकाची बरणी घेऊन. कुलूप उघडलं, साखळी खडखडली, पाय खाली आले. "घोटा दिसला!" साधनाबाई ओरडल्या आणि सगळे तो बघायला वाकले.

कृष्णराव दिवाणावरून उठतात न उठतात तोच पंजाबराव तिथे आडवे झाले. "केवलराम भाऊ, आता आपला नंबर."

"आधी डॉक्टर!" साधनाबाई आणि ठकूबाई एका सुरात म्हणाल्या. "तोवर ह्या दोन उशा घ्या."

"घेतो जी," पंजाबराव हिरमुसले. कृष्णरावांनी स्वतः व्याह्यांच्या पायाखाली उशा सरकवल्या, वाकून पाहिलं आणि उशा दबलेल्या बघून अस्वस्थ झाले.

इतका वेळ दारात उभ्या असलेल्या नूतननं सुमंतकडे पाहिलं, मग बापाकडे. "बाबा, पण हमारा क्या हुआ?"

"तुमचं काय व्हायचं राहिलं आता? पक्कं झालं!" कृष्णराव पाण्याची नळी उचलत, मान वर न करता म्हणाले. "तू इकडं ये पटकन, अन् यांचं हृदय कुठं हाय ते दाखव."