डोमाजी काकांचा ऑक्टोपस

डोमाजी काकांना ऑक्टोपसचं वेड आहे. समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. आमच्या लाखनीत पाणी म्हणजे तलाव, आणि तलावात शिंगाडे. पण शेजारच्या या काकांच्या मोबाईलवर सकाळ-संध्याकाळ ऑक्टोपस.

भंडाऱ्याच्या ऑफिसातून बसमध्ये उभ्याने घरी येतो, तेव्हा बूट काढण्याइतकाही जीव माझ्यात उरलेला नसतो. नेमके तेव्हाच काका मोबाईल पुढे धरून फाटकाशी.

"भाऊ, हे पाय! बरणीचं झाकण उघडून राहिला. आतून!"

"काका, उद्या पाहू."

"उद्या काहून? त्याले तीन काळजं हायेत, भाऊ. माणसाचं तोंड ओळखते तो. ज्याच्यावर राग, त्याच्या अंगावर पाणी उडवते!"

वाद घालायला त्राण नसतं. मी पाहतो. काका समाधानाने म्हणतात, "आपण त्याले नाई, तो आपल्याले पाहून राहिला."

हे वाक्य त्यांनी लग्नाच्या मांडवात ऐकवलं आहे, धान विकायच्या रांगेत ऐकवलं आहे. एका तेरवीला तर गेलेल्याच्या मुलालाच तीन काळजांची गोष्ट सांगितली. तो रडायचा थांबला, एवढं मात्र खरं.

एकदा मांजरीची अक्कल तपासायला त्यांनी सुकटीची बरणी झाकण लावून तिच्यापुढे ठेवली. मांजरीने ती ओट्यावरून ढकलून फोडली. "डोकं नाई," काकांनी निकाल दिला, "निव्वळ दादागिरी."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पुण्याला असते. फोन करते, पण घाईत असते.

गेल्या हिवाळ्यात नागपुरात मासोळ्यांची प्रदर्शनी लागली. तिथे ऑक्टोपस आहे, असं कुणीतरी काकांना सांगितलं. रविवार होता, मला झोपायचं होतं. उजाडताच काका इस्त्रीचा शर्ट घालून दारात. गेलो.

टाकीपुढे गर्दी होती. लोक काचेवर टकटक करत होते, आणि ऑक्टोपस दगडामागे असा दडला होता की दगडच वाटावा. कंटाळून एकेक जण पुढे सरकला. काकांनी काहीच केलं नाही. तळहात काचेला टेकवला आणि उभे राहिले. मी मागच्या बाकड्यावर बसलो. माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऑक्टोपस काचेशी आला होता. त्याचा एक हात हळूहळू उलगडला. हातावरच्या इवल्या वाट्या काकांच्या तळव्यासमोर एकेक करून काचेला चिकटत गेल्या.

आता हे ओरडणार, सगळ्यांना गोळा करणार, असं मला वाटलं. पण काका काचेजवळ वाकले.

"मी डोमाजी," ते हळूच म्हणाले. "लाखनीचा."

तो हलला नाही.

"माह्या घरी कोणी नाई." मग घरी आलेल्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "जेवला का?"

आमच्या बसची वेळ झाली होती. मी पुन्हा डोळे मिटून घेतले.