बेचाळीस कायमची पानं

कुठलाही विषय द्या, शुद्ध मराठीत लिहून दाखवतो, असं मी तारामतीबाईंना सांगितलं तेव्हा माझ्या हातात घासून परत द्यायचा डबा होता. चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला नम्रता परवडते, पण सवय राहत नाही.

तारामतीबाई लातुरात क्लासेसच्या गल्लीत मुलींची खानावळ चालवतात. खाली त्यांची खानावळ, वर मी भाडेकरू. बायको लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेल्यापासून माझा डबा खालूनच वर येतो. यंदा मे महिन्यात शेजारच्या गल्लीत नवी खानावळ निघाली आणि तिची वेबसाइटही निघाली. बाहेरगावचे आईबाप मोबाइलवर बघून तिकडेच नाव घालायला लागले. बाईंची झोप उडाली, त्यांनीही साइट करायला दिली.

"सर, पंधरा जूनपर्यंत पोरी भरल्या न्हाईत तर ही जागा सोडावी लागंल," बाई म्हणाल्या. "मग अहमदपूरला भावाच्या दारात जाऊन बसते. वीस वर्षं झाली हितं, आता जीवावर येतंय बघा."

मला खरंच वाईट वाटलं. त्यांच्यासारखं वरण मी दुसरीकडे खाल्लेलं नाही. म्हणून साइटचा मजकूर मी अंगावर घेतला.

साइट बनवणारी शिल्पा चौकात दुकान चालवते. हुशार मुलगी, पण बोलणं निम्मं इंग्रजी. "सर, फोटोबिटो रोज बदलतेत. पण काही पर्मनंट पेजेस असतेत, ती एकदाच लिहायची. त्याच्यावरच साइट उभी ऱ्हाते."

मी तिला तिथंच थांबवलं. "पेज आजारी माणसाला पाजतात. खानावळीच्या साइटवर पेज म्हणालीस तर लोक काय समजतील? पान म्हण. कायमची पानं."

"बरं, पानं," ती म्हणाली. "बाकीच्यांची चारपाच असतेत. मावशीला किती पायजेत, विचारते."

तिनं माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"मावशी, कायमची पानं किती धरू?"

"कायमची बेचाळीस धर," बाई म्हणाल्या. "सणावाराला वरची पाचसहा."

शिल्पानं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "मला जास्त वाटायलीत सर. पण मावशी ठाम हाय."

मला मुळीच जास्त वाटली नाहीत. बाईंनी माझी योग्यता ओळखली एवढंच वाटलं. शंका विचारणं हे विद्यार्थ्यांचं काम, असं मी आयुष्यभर धरून चाललो आहे.

लिहायला बसलो. 'आमच्याविषयी' सहा पानं झालं. 'भाकरी: काल, आज आणि उद्या' सहज चार. 'वरणाचे सामाजिक स्थान' लिहिताना मला स्वतःलाच भरून आलं. 'लातूरचे पाणी आणि आमचा फिल्टर' यात थोडा इतिहासही घातला. सव्विसाव्या पानावर विषय संपले, तेव्हा ठेच्याचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध केला. नांदेडहून बायकोचा फोन आला, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाळ रडतंय, ठेवते. मागे बाळ रडत असल्याचं काही ऐकू आलं नाही.

फोन नंबर आणि पत्ता एकेचाळिसाव्या पानावर, ऋणनिर्देशात घातला. ग्रंथाची रीत तशीच असते.

साइट सुरू झाली. आठ दिवसांत एकही फोन आला नाही. नवव्या दिवशी मी डबा द्यायला खाली गेलो, तर बाई रिकाम्या पंगतीकडे बघत बसल्या होत्या. शिल्पाही आलेली होती.

"अकराच पानं झाली सर," बाई म्हणाल्या. "बेचाळीस पायजेत."

"अहो, बेचाळीस मी कधीच पूर्ण केली," मी म्हणालो.

"कुठं हायत?"

"साइटवर."

बाईंनी दाराबाहेर वाकून बघितलं. त्यांना वाटलं मी कुठल्या तरी बांधकामाच्या साइटवर जेवणाऱ्या बायका सांगतोय.

आधी शिल्पाच्या लक्षात आलं. "मावशी, फोनवर बेचाळीस म्हणलात ती पानं कशाची?"

"कशाची म्हंजे? जेवणाची. ताटाची. रोज जेवणाऱ्या पोरी." बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "तुम्ही काय करून बसलात?"

शिल्पा माझ्याकडे बघू लागली. मी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. पेज म्हणू दिलं असतं तर हे झालं नसतं, हे तिनं तोंडानं म्हटलं नाही, हा तिचा चांगुलपणा.

"चार ठेवते, बाकीची काढते," ती लॅपटॉप उघडत म्हणाली. "नंबर पहिल्यावर घेते." बाई उरलेल्या भाकरी मोजू लागल्या. ते जास्त लागलं. माझ्या हौसेपायी या बाईंचा अख्खा आठवडा वाया गेला होता.

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. आतून एक पागोटेवाले गृहस्थ, त्यांची मुलगी आणि एक पत्र्याची पेटी उतरली. गृहस्थांनी आपलं नाव संगमेश्वर सांगितलं, औशाकडून आले होते.

"बेचाळीस पानांची साइट हाय ती खानावळ हीच का?" त्यांनी विचारलं. "नंबर सापडंना. गल्लीत इचारत आलो."

मी केसांवरून हात फिरवला आणि पुढे झालो. "ते लेखन माझंच. कुठलं पान आवडलं आपल्याला?"

"मी कुठं वाचतोय," संगमेश्वर म्हणाले. "ही आमची मनस्विनी. डॉक्टरकीच्या परीक्षेचं लई टेन्शन घेतलंय. तीन म्हयने झाले, डोळ्याला डोळा न्हाई. औषधं झाली, तेल झालं. परवा खानावळ शोधता शोधता तुमची साइट उघडली अन् अकराव्या पानावर जी झोपली, ती सकाळी चहालाच उठली. हिच्या आईनं सांगितलं, खोली कुठंबी घ्या, पोरीचं पान तिथंच लावा."

मुलीनं लाजून मान हलवली. "वरणाचं होतं ते," ती म्हणाली, "पण अर्धंच झालं."

शिल्पानं लॅपटॉप मिटला. एकही पान काढायचं नाही, असं बाईंनी तिला डोळ्यांनीच सांगितलं. पुढच्या आठवड्यात मनस्विनीच्या दोन मैत्रिणी आल्या, मग त्यांच्या मामेबहिणी. चौदा जूनला बेचाळिसावी मुलगी आली, तेव्हा मी जिन्यातच होतो. तिच्या वडिलांनी विचारलं, इथं सोय काय काय आहे.

"जेवणाचं मी बघते," तारामतीबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "झोपेचं आमचे सर बघतेत."