दोन झाकणांची मोहीम

गाठींच्या कुळांचे जाणकार, खुर्चीचे अखंड धनी, सभासंमेलनगामी हुजूर मोठे सर यांच्या अमलात प्रयोगशाळेवर जो प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा लिहितो. लिहिणार दप्तरातला कारकून. चाकरी हुजुरांचीच, सबब स्तुती अगोदर करून मोकळा झालो.

ऐसियास प्रयोगशाळेचे काम ते काय, तर कर्करोगाची गाठ औषधाला पुरून उरते आणि वाढता वाढता रूप पालटते. म्हणून एकाच रोग्याच्या गाठीचा तीन वेळा तुकडा घ्यावा आणि त्यातील जनुके वाचावी आणि गाठीतला बाप कोण, नातू कोण, याचा वंशवृक्ष मांडावा. हे काम सात वर्षे एक संशोधक बाई करीत होत्या. त्यांना सारे ताई म्हणत. हाताखाली लष्कर म्हणजे दोन विद्यार्थी आणि सदा रुसलेले एक यंत्र. ताईंची नेमणूक कराराची, त्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सरणार. आणि या मुलखाचा रिवाज ऐसा, की संशोधनाच्या लेखावर ज्याचे नाव पहिले त्यालाच पुढची नोकरी. मोठ्या लेखावर ताईंचे नाव पहिले मुक्रर झाले होते.

लेख मोठा, कारण एका रोगी बाईंच्या तिसऱ्या तुकड्यात ऐसे कूळ निघाले, की पहिल्या दोहोंशी त्याचे कसलेच नाते नाही. हुजूर खुर्चीतून उठले, जे वर्षातून एकदा घडे, आणि फर्मान सुटले, की गाठीने पूर्वजांस झुगारून नवे राज्य स्थापिले आणि जगात हे प्रथम आम्हीच पाहिले. मग तीन सभांना खलिते रवाना झाले आणि भाषणासाठी हुजुरांनी नवा कोट शिवविला.

मग ताईंनी सारे पुन्हा वाचले आणि तिसऱ्या तुकड्यात पुरुषाचे गुणसूत्र सापडले. गप्प राहत्या तर नोकरी हातात होती. हे आम्ही, जे गप्प राहून पंचवीस वर्षे टिकलो, शपथेवर सांगतो. ताईंनी दोन दिवस जेवणाचा डबा न उघडता परत नेला आणि तिसरे दिवशी हुजुरांच्या दालनात दाखल झाल्या.

“सर, बाईंच्या गाठीत पुरुषाचं गुणसूत्र कुठून आलं? तुकड्यांच्या नळ्या बदलल्यात. ही गाठ त्यांची नाहीच.”

हुकूम जाहला, की गाठ चमत्कारिक आहे, तिला सर्व साध्य आहे. ताई हटल्या नाहीत. तेव्हा दुसरा हुकूम जाहला, की ज्या नादान हाताने नळ्या बदलल्या, तो हात शोधून कामावरून दूर करावा.

आता येथील वहिवाट ऐसी, की नळीचा क्रमांक झाकणावर लिहीत, नळीच्या अंगावर नाही. झाकण फिरले की रोगी फिरला. दोघा विद्यार्थ्यांना घाम फुटला. तेव्हा ताईंनी सर्वांस व्हरांड्यात नेले आणि भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केले. पाहुणे आले त्या दिवशीची तसबीर: हुजूर सहा वर्षांत प्रथमच हातमोजे चढवून शीतकपाटापाशी उभे, पुढ्यात दोन उघड्या नळ्या, दोन्ही हातांत एकेक झाकण, मुद्रा रणवीराची. एका झाकणावर रोगी बाईंचा क्रमांक, दुसऱ्यावर एका रोगी आजोबांचा; दोन्ही लख्ख वाचता येत होते.

मग धाकटा विद्यार्थी म्हणाला, “सर, फोटो मात्र छान आलाय.”

हुजुरांनी उभ्या उभ्या मसलत फिरविली आणि फर्मान काढिले, की ही चूक हुजुरांनीच तीक्ष्ण नजरेने हेरिली. सबब जुना लेख रद्द, झाकणांच्या धोक्यावर नवा लेख लिहावा, त्यावर पहिले नाव हुजुरांचे, शेवटचेही हुजुरांचे, आणि ताईंचे तळाशी आभार मानावे.

“आभार राहू द्या सर,” ताई म्हणाल्या, “मला एक पक्क्या शाईचं पेन द्या.”

मग करार सरायला उरलेले चार दिवस ताईंनी शीतकपाटातली प्रत्येक नळी काढून, पुसून, जुळवून तिच्या अंगावर क्रमांक घातला. चारशे बारा नळ्या. गारठ्याने बोटे लाल झाली. आम्ही दारातून पाहत होतो. मदतीला गेलो नाही, याची लाज वाटते. शुक्रवारी त्यांनी पेन परत केले आणि गेल्या.

येणेप्रमाणे झाकणांची मोहीम हुजुरांच्या प्रतापे फत्ते जाहली, ऐसे दप्तरी दाखल केले असे. व्हरांड्यात नवी तसबीर चढली आहे. तीत हुजूर एक नळी उंच धरून उभे आहेत आणि नळीच्या अंगावर क्रमांक आहे, अक्षर ताईंचे.